तिरका दोर

याचं सगळं आयुष्य अंधारात जातं. मांडीचं हाड वर, नडगीचं हाड खाली आणि त्या दोघांच्या मधोमध हा तिरका ताणलेला. मोठ्या माणसात जेमतेम तीन सेंटिमीटर, मुलांत त्याहूनही आखूड. पूर्ण नाव अँटेरिअर क्रूशिएट लिगामेंट. खेळणाऱ्या पोरांच्या आणि त्यांच्या आयांच्या तोंडी नुसता एसीएल. याच्यामागे याचा दणकट भाऊ उलट्या दिशेने जातो आणि दोघांची मिळून फुली पडते. काम मोजकं: नडगी पुढे सरकू द्यायची नाही, आणि पाय रोवून अंग वळवलं तर गुडघा भलतीकडे फिरू द्यायचा नाही.

सरळ चालणाऱ्या माणसाशी याचं चांगलं जमतं. धोंडो केशव कर्व्यांनी १९०० साली अनाथ बालिकाश्रम पुण्याजवळ हिंगण्याला आणला, तेव्हा फर्ग्युसन कॉलेजमध्ये गणित शिकवून झालं की ते पायी इथे यायचे, पावसाळ्यात चिखल तुडवत. एकशे चार वर्षं जगलेल्या त्या माणसाच्या गुडघ्यात हा मुकाट राबला असेल. आज त्या हिंगण्याचं कर्वेनगर झालंय. इथल्या मैदानांवर मुली खो-खो खेळतात, मुलं भाड्याच्या टर्फवर फुटबॉल खेळतात, आणि याची खरी परीक्षा तिथे असते.

खो-खोचे नियम १९१४ साली पुण्यात, डेक्कन जिमखान्यावर बसवले गेले. हा सगळा खेळच वळणाचा. डावीकडे हूल द्यायची आणि उजवीकडून निसटायचं. समजा, बारा वर्षांची एक मुलगी भरधाव पळतेय. खांबाजवळ ती पाय रोवते, अंग वळतं, पाऊल जमिनीवरच राहतं आणि गुडघा आत झुकतो. आतून ‘कट्’ असा आवाज येतो. तिला कुणी धक्काही दिलेला नसतो. घरी पोचेपर्यंत गुडघा टम्म सुजतो, कारण आत रक्त साठलेलं असतं.

यानंतर आपल्याकडे जे होतं त्याचा मला मनापासून राग येतो. ‘मुरगळलाय, आंबेहळदीचा लेप लावा.’ कुणी तेल चोळतं, कुणी ओढून ‘बसवून’ देतं. दोन आठवड्यांत सूज उतरते, पोर चालायला लागतं आणि सगळ्यांना हायसं वाटतं. चालता येतंय म्हणजे एसीएल शाबूत आहे, असं मात्र नसतं. तो तुटलेला असतानाही सरळ रस्त्यावर मूल नीट चालू शकतं.

मुलांमध्ये याची एक निराळीच तऱ्हा असते. लहान वयात हा जितका चिवट असतो, तितकं त्याच्या बुडाचं हाड पक्कं नसतं. मग ताण आला की दोर टिकतो आणि खुंटीच उपटून येते. आठ ते चौदा वर्षांच्या मुलांत, सायकलवरून पडल्यावर, हे विशेषकरून दिसतं. साध्या एक्स-रेत नडगीच्या माथ्यावरचा हाडाचा टवका उचललेला कळतो. जागेवरच असेल तर प्लास्टरवर भागतं. पार सुटला असेल तर दुर्बिणीतून परत बसवून बांधावा लागतो.

दोरच तुटलाय का, हे आधी हातांना कळतं. जाणता डॉक्टर सुजलेल्या पायाला लगेच हात लावत नाही. आधी चांगला गुडघा तपासतो. मुलांचे सांधे मुळातच सैल असतात, त्यामुळे या मुलीचं ‘नेहमीचं’ काय, ते तिच्याच दुसऱ्या पायाला विचारावं लागतं. मग दुखरा गुडघा वीस-तीस अंशांत वाकवून एका हाताने मांडी धरायची आणि दुसऱ्याने नडगी हलकेच पुढे ओढायची. दोर शाबूत असला तर ती टक्कन अडते. तुटला असला तर पुढे येतच राहते, अडल्याची जाणीवच होत नाही. फिलाडेल्फियाच्या जॉन लॅकमन यांच्या नावाने ही तपासणी ओळखली जाते. मूल घाबरून मांडी आवळून धरत असेल, तर सूज ओसरल्यावर पुन्हा बघावं. एमआरआय त्यानंतर.

शेजारी, गुडघ्याच्या आतल्या कडेला असलेला लिगामेंट फाटला तर पट्ट्यात ठेवून बहुधा सांधला जातो. आपला हा सांध्याच्या पाण्यात राहतो. तिथे रक्ताची गुठळी टिकत नाही, त्यामुळे फाटलेली टोकं सहसा जुळत नाहीत. नवा दोर ओवावा, तर आड येतात हाडांच्या टोकांजवळच्या वाढीच्या चकत्या. मांडीच्या हाडाचं खालचं टोक वर्षाला नऊ-दहा मिलिमीटर वाढतं, नडगीचं वरचं टोक सहा. पायाची जवळजवळ दोन तृतीयांश लांबी या गुडघ्याभोवतीच तयार होते. मोठ्यांसारखं भोक पाडून चकतीत हाडाचा तुकडा किंवा स्क्रू अडकवला, तर पाय वाकडा किंवा आखूड राहू शकतो.

या भीतीपोटी पूर्वी ‘वाढ संपू दे, मग बघू’ असं सांगत. थांबायला हरकत नसते, पण थांबून खेळत राहणं घातक. दर वेळी गुडघा दगा देतो तेव्हा दोन हाडांमधली गादी थोडी थोडी फाटते, आणि ती गेली की विशी-तिशीतच सांधा झिजायला लागतो. काही मुलांचं फिजिओथेरपी, ब्रेस आणि वळणाचे खेळ बंद यांवर निभतं, तेही नियमित तपासणीत राहून. गुडघा वारंवार निसटत असेल किंवा गादी शिवण्याजोगी फाटली असेल, तर शस्त्रक्रिया करावी. मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघतात, मुलीच्याच मांडीमागच्या स्नायूची कंडरा घेतात, आणि चकतीला वळसा घालून किंवा अगदी लहान, उभ्या भोकातून ती ओवतात. हे काम मुलांच्या गुडघ्यांची सवय असलेल्या हातांचंच.

मैदानावर परतायला वर्षभर तरी लागतं. त्या वर्षात मांडीचे स्नायू, तोल आणि उडी मारून उतरणं पुन्हा शिकायचं असतं. घाई केली तर नवा दोरही तुटतो, आणि कोवळ्या वयात तो धोका मोठ्यांपेक्षा जास्त.

कर्वेनगरातल्या पालकांनो, वळताना पडलेल्या मुलाचा गुडघा काही तासांत सुजला, तर चोळू नका. बर्फ लावा, पायावर भार पडू देऊ नका आणि एक-दोन दिवसांत हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. आणि पीटीच्या सरांना, बाईंना विनंती: सरावाआधी पंधरा-वीस मिनिटं उडी मारून उतरायला आणि एका पायावर तोल सांभाळायला शिकवा; गुडघा पावलाच्या रेषेत राहतोय का, तेवढं बघा. अशा व्यायामांनी या दुखापती कमी होतात, हे सिद्ध झालेलं आहे.