वाफसा येईपर्यंत



गेली तीस वर्षे मी तुम्हाला बियाणे आणि खते यांविषयी सांगत आलो. आज घरातली गोष्ट सांगतो. सांगायला जड जाते. पण अशी घरे पुष्कळ आहेत.

माझा धाकटा भाऊ गावी शेती करतो. कांद्याचे दोन हंगाम अंगावर आले आणि संध्याकाळची दारू सकाळपर्यंत आली. भावजयीचा निरोप आला, तेव्हा मी त्याला पुण्यात आणून येरवड्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात नेले. डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने १९८६ साली सुरू केलेले हे केंद्र. व्यसन हा आजार आहे, हे तिथे आम्हाला प्रथम उमगले.

खरी परीक्षा घरी परतल्यावर. दिवेलागणीला मोटार बंद केली की पाय आपोआप फाट्याकडे वळत. माझ्या मुलीने काकाच्या मोबाइलवर एक ॲप घालून दिले. घंटी वाजते आणि आवाज सांगतो, शांत बसा, श्वास येतो-जातो तिकडे लक्ष ठेवा. मला हसू आले. ज्या मोबाइलने पोरे बिघडली म्हणतो, तो दारू सोडवणार?

पण यात तथ्य आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लॅट यांनी व्यसनाच्या ओढीला लाटेची उपमा दिली. ओढ चढते, शिगेला पोचते आणि आपण तिच्यामागे गेलो नाही, तर बहुधा थोड्या वेळाने ओसरते. तेवढा वेळ बसून काढायचा. भाऊ म्हणाला, "दादा, हे वाफशासारखंच की! पाऊस पडल्या पडल्या रानात औत घातलं तर ढेकळंच निघतात. बांधावर थांबावं लागतं."

चार महिने बरे गेले. मग त्याने केंद्रात भेटीला जाणे सोडले. "मोबाइल आहे की," म्हणायचा. पोळ्याला जुने सोबती भेटले आणि मोबाइल खिशातच राहिला. रात्री भावजयीचा फोन आला. मी रागाने म्हणालो, "माझ्यापुढे त्याचे नाव काढू नको." एक पीक बुडाले म्हणून आपण जमीन पडीक टाकत नाही, हे शेतीच्या पदवीधराला सुचायला आठ दिवस लागले. नवव्या दिवशी मी त्याला आणायला गेलो.

आता तो नेमाने भेटीला जातो, गटात बसतो आणि दिवेलागणीला दहा मिनिटे गोठ्यापाशी मोबाइल लावून बसतो. भावजय तेवढा वेळ कोणाला तिकडे फिरकू देत नाही. किती दिवस झाले विचारले, तर "आजचा दिवस" एवढेच म्हणतो.

तेव्हा मंडळी, ॲप ही काठी आहे, पाय नव्हे. ते नसले तरी श्वास आहेच. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने मनानेच एकदम दारू तोडू नये. झटके येतात, भ्रम होतो, जिवावरही बेतते. आधी डॉक्टर गाठावा. मन फार खचले असेल, तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस विनामूल्य आहे.

आणि घरचा माणूस पुन्हा घसरला, तर माझ्यासारखे आठ दिवस वाया घालवू नका.