घरातल्या डब्याच्या किल्ल्या



आमच्या दिवाणखान्यात टीव्हीखाली एक काळा डबा आहे. नेटवर्क स्टोरेज. आत दोन हार्ड डिस्क, आणि घरातल्या वायफायवरून कुणीही उघडावा असा. लेकाने पुण्याला जाण्याआधी तो बसवून दिला. लग्नाचे अल्बम, दुकानाचे हिशेब, मुलांचे दाखले आणि सासूबाईंच्या आवाजातली तेवीस ध्वनिमुद्रणं, सगळं त्यात. त्यांची स्तोत्रं, जात्यावरच्या ओव्या, महावीर जयंतीला त्या म्हणायच्या तो पाळणा. सासूबाई आता नाहीत, म्हणून त्या फोल्डरची किंमत काय ते तुम्हाला सांगायला नको.

आठ जणांच्या घरात आठ पासवर्ड कोण लक्षात ठेवणार? म्हणून आम्ही सगळे एकाच नावाने आत जायचो, 'अ‍ॅडमिन'. म्हणजे कोठीची, तिजोरीची आणि देव्हाऱ्याची एकच किल्ली, आणि तीही दाराला लटकवलेली.

श्रावणात एके दिवशी पाळणा ऐकावा म्हणून उघडायला गेले, तर फोल्डरच नाही. लेकाला फोन केला. म्हणाला, "आई, दोन डिस्क आहेत त्या एक बिघडली तर दुसरी चालावी म्हणून. पुसलेलं दोन्हीकडून पुसलं जातं. तो बॅकअप नव्हे." डब्यातली कचरापेटीही चालू केलेली नव्हती.

माझ्या मनात पहिलं नाव आलं धाकट्या जाऊबाईचं. तिला आवराआवर फार. फोनमध्ये जागा नाही म्हटलं की धडाधड पुसते. मी तिला बोलले काहीच नाही, पण पंधरा दिवस नीट बोललेही नाही. भाजी चिरताना तिने काही विचारलं की "हं" एवढंच. तिला ते कळत होतं. तिनेही विचारलं नाही.

मग लेक दोन दिवसांसाठी आला आणि डब्यातली नोंदवही उघडून बसला. कुणी कधी काय पुसलं ते तिथे लिहिलेलं असतं. नाव अर्थातच 'अ‍ॅडमिन', म्हणजे आम्ही आठही जण! पण शेजारी त्या यंत्राचा नेटवर्कवरचा क्रमांक होता. लेकाने तो जुळवून पाहिला आणि माझ्याकडे बघत गप्प राहिला. तो माझ्या लॅपटॉपचा होता. दुपारी फोटो लावताना 'आई जुने' नावाचा फोल्डर मीच दुसरी प्रत समजून काढून टाकला होता.

मी तशीच उठून स्वयंपाकघरात गेले आणि जाऊबाईला सगळं सांगितलं. मनात काय आणलं होतं तेही. तिने हात पुसले, कपाटातून जुना फोन काढला आणि म्हणाली, "ताई, माझ्याकडे चौदा आहेत. मी रात्री ऐकत झोपते." पाळणा त्यात होता. नऊ ध्वनिमुद्रणं मात्र कायमची गेली.

त्यानंतर आम्ही डब्याची घडी बसवली. तुमच्या घरी असा डबा असेल तर हे कराच. प्रत्येकाला स्वतःचं नाव आणि पासवर्ड. दुकानाचा फोल्डर फक्त हे आणि भाऊजी यांना, बाकीच्यांना तो दिसतही नाही. फोटोंचा फोल्डर सगळ्यांना लिहायला-वाचायला. 'आईंचा आवाज' सगळ्यांना फक्त वाचायला, मलासुद्धा. मूळचं 'अ‍ॅडमिन' खातं बंद केलं. वेगळ्या नावाचं एक कारभारी खातं आहे, त्याला पासवर्डशिवाय फोनवरचा कोडही लागतो, आणि ते काही बदलायचं असेल तेव्हाच उघडायचं. कचरापेटी चालू केली. एक प्रत बाहेरच्या डिस्कवर, आणि तसलीच दुसरी डिस्क पुण्याला लेकाकडे.

एक गोष्ट मात्र यंत्र करू शकत नाही. कारभारी खातं ज्याच्या हाती, तो स्वतःला हवी ती परवानगी देऊ शकतो. जाऊबाईचा खासगी फोल्डरही मी उघडू शकते. तिथे कुलूप नाही, माझा नेम आहे.

आपल्या गृहस्थाला सगळं सोडायला सांगितलेलं नाही, मर्यादा घालायला सांगितलं आहे. परिग्रहाचं परिमाण, दिशांचं परिमाण. इतकं माझं, इथवर मी जाणार. अधिकार हाही परिग्रहच, हे मला या डब्याने शिकवलं. लागत नसलेला अधिकार मी उगाच जवळ बाळगला आणि हातून हिंसा घडली. आधी फोल्डरची, मग एका माणसाच्या मनाची.

यंदा अनंत चतुर्दशीनंतर क्षमावाणीच्या दिवशी मंदिरात सगळ्यांना हात जोडले. जाऊबाईसमोर आले तेव्हा ती हसून म्हणाली, "ताई, ते झालं की श्रावणातच." तरी मी म्हटलं. उत्तम क्षमा.

आता रात्री तिच्या खोलीतून पाळणा ऐकू येतो. फोन जुना झाला तरी ती तो टाकत नाही, आणि मीही तिला आवर म्हणत नाही.