बाईंचा हात चुकला नव्हता

गेल्या वार्षिक परीक्षेच्या निकालाच्या वेळी आमच्याकडून एक चूक झाली. ती कबूल करण्यासाठी हा लेखनप्रपंच. आम्ही म्हणजे शाळेच्या संगणक कक्षाचे तीन शिक्षक.

इंदूरचा पाऊस आपल्या तळमजल्यात कसा शिरतो, हे पालकांना ठाऊक आहेच. म्हणून निकालाचा संगणक दुसऱ्या मजल्यावर कुलपात असतो. हे काम वर्षानुवर्षे गणिताच्या बाई करीत आल्या. पण गुडघेदुखीमुळे त्यांना जिना चढवेना. तेव्हा ठरले की संगणक वरच राहू द्यायचा. पडदा, कीबोर्ड आणि माउस तेवढे खाली आणायचे.

आधी लांब तारा जोडून पाहिल्या. चित्राला सावल्या पडू लागल्या, आणि माउस तर चालेचना. यूएसबी २.० ची साधी तार ५ मीटरपर्यंतचीच. आपल्याला हवी होती सुमारे ४० मीटर. नेटवर्कची तार मात्र १०० मीटरपर्यंत जाते. म्हणून दोन छोट्या पेट्या आणल्या. वरची पेटी संगणकाचे चित्र नेटवर्कवर पाठवते. खालची पेटी ते पडद्यावर दाखवते आणि बाईंनी दाबलेली कळ उलट वाटेने वर पोचवते. संगणकाच्या लेखी बाई समोरच बसलेल्या असतात.

विद्यार्थ्यांनी यातले गणित करून पाहावे. पडद्यावर १९२० गुणिले १०८० ठिपके, प्रत्येक ठिपक्याला २४ बिट, सेकंदाला ६० चित्रे; म्हणजे सेकंदाला सुमारे ३०० कोटी बिट. आपल्या नेटवर्कची क्षमता १०० कोटींची. म्हणून पेटी चित्र आवळून पाठवते. कळीचा निरोप अवघ्या काही बाइटांचा. पण दोघांची वाट एकच.

परीक्षेमुळे संगणक कक्ष बंद होता, तोवर सारे सुरळीत चालले. कक्ष उघडला, फीच्या पावत्या सुरू झाल्या आणि माउस अडखळू लागला. बाईंनी एक बटण दाबले. काहीच हलले नाही म्हणून पुन्हा दाबले. दोन्ही निरोप उशिरा पोचले आणि दुसरा पुढच्या पानावर लागला. सातवीतल्या एका मुलाचे गुण पुसले गेले. कागदी नोंदवहीशी ताळा केला म्हणून ते लक्षात आले.

आम्ही काय केले? "बाई, जरा सावकाश दाबा ना," असे सांगितले. दोन दिवस हेच चालले. शेवटी त्या म्हणाल्या, "आता वय झालं माझं. हे काम तुम्हीच कोणीतरी घ्या." त्यांनी नोंदवही पुढे केली, आणि आम्ही ती घेतली.

कारण शोधले नववीच्या एका मुलाने. त्याने विचारले, "सर, ज्या संगणकांवर कोणी बसलेलं नाही, त्यांचे दिवेसुद्धा स्विचवर एकदम का लुकलुकताहेत?" तेव्हा उलगडा झाला. आमची पेटी चित्र एकाच पत्त्यावर न पाठवता, मागेल त्या सर्वांसाठी म्हणून पाठवीत होती. साध्या स्विचला कोणी मागितले ते कळत नाही. पोस्टमनने एकच पत्र वाड्यातल्या प्रत्येक बिऱ्हाडात टाकावे, तसे तो ते चित्र सगळीकडे वाटत होता. त्या गर्दीत बाईंच्या हाताचा निरोप अडकत होता. पावत्याही त्यामुळेच रखडत होत्या, आणि आम्ही मात्र इंटरनेटला बोल लावीत होतो.

दोन पेट्यांपुरता वेगळा स्विच आणि वेगळी तार घातली. अडखळणे थांबले. त्याच संध्याकाळी आम्ही तिघे बाईंच्या घरी गेलो आणि क्षमा मागितली. त्यांनी चहा दिला, सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "त्या मुलाचे गुण आधी नीट भरा. बाकीचं मी उद्या येऊन बघते."

दुसऱ्या दिवशी प्रत्येक वर्गाचा ताळा त्यांनीच पुन्हा घेतला. यंदाही निकाल त्याच करीत आहेत. विश्वस्तांना एकच विनंती आहे: कागदी नोंदवही बंद करू नये. आणि विद्यार्थ्यांनो, यंत्रापाशी बसलेल्या मोठ्या माणसाचे काही चुकले असे वाटले, तर आधी तार तपासा.