कॅमेरा घेण्यापूर्वी आणि घेतल्यानंतर

‘सर, कोणता कॅमेरा घेऊ?’ असा प्रश्न दरवर्षी कोणी ना कोणी विद्यार्थी मला विचारतोच. माझे उत्तर ठरलेले असते : ‘घरात असेल तो.’ विचारणाऱ्याचा थोडा हिरमोड होतो. परंतु हे उत्तर टाळाटाळीचे नव्हे. ज्याला साध्या मोबाइलने पडवीत बसलेल्या आजीचा चेहरा नीट टिपता येत नाही, त्याला लाखाचा कॅमेराही ते शिकवणार नाही.

माझ्या मामांपाशी आग्फा क्लिक थ्री नावाचा, भारतात तयार झालेला एक साधा कॅमेरा होता. त्यात १२० मापाची फिल्म बसे आणि एका रोलवर बाराच छायाचित्रे निघत. मामा एक रोल चवथीपासून शिमग्यापर्यंत पुरवीत! कॅमेरा डोळ्याला लावण्यापूर्वी ते माणसाभोवती एक फेरी घालीत, उन्हाकडे पाहत, कोणाला दोन पावले सरकायला सांगत, आणि पुष्कळदा ‘आज नको’ म्हणून कॅमेरा पिशवीत ठेवून देत. छायाचित्रणाचा माझा पहिला पाठ त्या ‘आज नको’मध्ये झाला.

आपल्या पेडणे तालुक्याचे या कलेशी जुने नाते आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. मांद्रे गावी जन्मलेले प्रसिद्ध संशोधक व वैद्य डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे दोघेही १८५४ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या फोटोग्राफिक सोसायटीचे सभासद होते. नारायण दाजींनी तर छायाचित्रकार म्हणून नाव मिळविले. त्या काळी नुकतीच प्रचारात आलेली पद्धत ओल्या काचेची होती. काचेवर कलोडियनचा थर द्यायचा, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, आणि ती वाळण्यापूर्वीच छायाचित्र घेऊन धुवायचेही. बाहेरगावी जायचे तर अंधारा तंबू, बाटल्या, पाणी सारे बरोबर. आपल्याकडच्या वैशाखात ती काच किती लवकर वाळत असेल, याची नुसती कल्पना करावी.

आता उजेडाविषयी. कॅमेऱ्यात उजेडाचे नियमन तीन गोष्टी करतात : भिंगामागचे छिद्र, शटरचा वेग आणि आयएसओ, म्हणजे उजेड टिपण्याची संवेदनशीलता. लख्ख उन्हात छिद्र एफ १६ ठेवावे आणि आयएसओ १०० असल्यास शटर १/१२५ सेकंद; या जुन्या ठोकताळ्यापासून आरंभ केला तर पुढचे आपोआप उमगते. परंतु भर दुपारी माणसाचे छायाचित्र घेऊच नये. सूर्य डोक्यावर असता डोळ्यांच्या खोबणीत काळोख साचतो. माणसाला पडवीत बोलवावे, अंगणाकडे तोंड करून बसवावे. अंगणातला उजेड परतून चेहऱ्यावर मऊ पडतो. दशावतारी नाटकाच्या वेळी फ्लॅश कधीही मारू नये. रंगमंचावरच्या दिव्यांनी केलेली सारी जादू त्या एका झोताने सपाट होते, आणि नटाचे डोळे दिपतात ते वेगळेच. आयएसओ वाढवावा, आणि शंखासुर क्षणभर स्थिर होईल तेव्हाच बटण दाबावे. तो स्थिर होतोच. संवाद टाकण्यापूर्वी प्रत्येक नट थांबतो.

पुढे खरेच कॅमेरा घ्यायचा झाला तर जुना घेण्यात कमीपणा नाही. भिंगातून विजेरीचा प्रकाश आरपार पाडून पाहावा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी समजावी व सौदा सोडावा. पन्नास मिलिमीटरचे, एफ १.८ चे साधे भिंग स्वस्त असते आणि कमी उजेडात फार उपयोगी पडते. तिपाई मात्र हलकीफुलकी घेऊ नये. सड्यावरच्या वाऱ्यात ती कॅमेऱ्यासकट लोळते.

आपल्याकडे कॅमेऱ्याचा खरा वैरी पाऊस नव्हे, पावसानंतर घरात मुक्काम ठोकणारा दमटपणा. चामड्याच्या पेटीत आणि बंद कपाटात कॅमेरा चार महिने ठेवला की भिंगात बुरशी धरलीच! घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्यावा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात आणि त्या ओल्या झाल्या की बदलाव्यात. मुख्य म्हणजे कॅमेरा वापरात ठेवावा.

आणि पावसाळ्यात तर तो वापरायलाच हवा. श्रावण-भाद्रपदात जांभ्याच्या सड्यांवर सीतेची आसवे आणि कवला फुलतात. ती फुले इतकी लहान की ओल्या दगडावर पालथे पडल्याखेरीज दृष्टीस येत नाहीत. मोपाच्या सड्यावर ११ डिसेंबर २०२२ रोजी मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून तेथून विमाने उडू लागली. (ड्रोनची हौस असलेल्यांनी ध्यानात ठेवावे : विमानतळाच्या कुंपणापासून ८ किलोमीटरच्या आत तो परवानगीशिवाय उडवता येत नाही.) विमानतळ व्हावा की न व्हावा यावर घराघरांत वाद झाले, त्यात मी येथे शिरत नाही. पण पूर्वीचा सडा कसा दिसत होता, हे दाखवायला आता जुनी छायाचित्रेच उरली आहेत. आणि तीही सड्याची म्हणून कोणी काढलेली नव्हेत. लग्नाचे वऱ्हाड, नवी सायकल, दावणीची गाय. त्यांच्या मागे कोठेतरी तो पसरलेला असतो. हल्ली जुनी छायाचित्रे पाहताना माझी नजर माणसांच्या मागे जाते.

अशी छायाचित्रे आपल्या भिंतींवर दमटपणाने चौकटीच्या काचेला चिकटून बसली आहेत. ती ओढून काढू नयेत. चित्राचा थर काचेबरोबर निघून येतो. काचेसकटच त्यांची प्रत घ्यावी. गेल्या वर्षी शेजारच्या वाड्यावरील एका वृद्ध काकींनी मला अशाच कामासाठी बोलावले. त्यांच्या यजमानांचे एवढे एकच छायाचित्र होते : सड्यावर, गुरांच्या कळपापुढे, हातात काठी. मी चौकट खिडकीजवळ अशी उभी केली की उजेड एका बाजूने पडावा, कॅमेरा तिच्याशी अगदी समांतर ठेवला, आणि काचेत माझेच प्रतिबिंब दिसू नये म्हणून तिपाईपुढे काळी घोंगडी टांगून तिच्या फटीतून भिंग बाहेर काढले. फ्लॅश अर्थातच नाही.

आठवड्याने छापील प्रत घेऊन गेलो. मागे पेन्सिलीने नाव, गाव आणि साल लिहून ठेवावे, अशी माझी पद्धत आहे; म्हणून काकींना नाव विचारले. त्यांनी पदर सावरला, हसल्या आणि आत वळून थोरल्या मुलाला हाक मारली. नाव त्याने सांगितले. सालाचा हिशेब मात्र काकींनीच केला, चित्रातल्या तांबड्या गाईच्या वेतांवरून.