पटावरून नाव कमी करताना

आमच्या मारुतीचं पुढे काय झालं, असं तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी फोनवर विचारलं. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा इथेच लिहितो.

गाडी २००१ सालची, पांढरी मारुती ८००. इथे साताऱ्यात नोकरीत असतानाच घेतलेली. यंदा थंडीत तिचं इंजिन बसलं. मिस्त्रींनी ऑइलची पट्टी बाहेर काढून दाखवली. ऑइल ताकासारखं पांढरट झालेलं, म्हणजे आत पाणी शिरलेलं. हेड गॅस्केट गेलं होतंच, शिवाय तापून हेड वाकलं होतं आणि सिलिंडरला ओरखडे पडले होते. "सर, बाकी गाडी ठणठणीत आहे, पण काळीजच गेलंय," मिस्त्री म्हणाले.

मार्ग तीन होते. इंजिन पूर्ण उतरवून बांधायचं, तर चाळीस हजार. जुनं इंजिन आणून बसवायचं, तर खर्च कमी, पण आरसीवर इंजिन नंबर असतो, तो आरटीओकडून बदलून घ्यावा लागतो. शिवाय ह्या गाडीचं उत्पादनच २०१४ मध्ये थांबलं. नोंदणीची पाच वर्षंही यंदाच संपणार, आणि वीस वर्षांवरच्या गाडीच्या नूतनीकरणाची फी २०२५ पासून दहा हजार झाली आहे. तिसरा मार्ग भंगाराचा.

हिशेब सरळ होता. तरी चार महिने गेले. कारण तो शब्द सौ.समोर उच्चारवेना. सत्तेचाळिसाव्या वर्षी ती ह्याच गाडीवर शिकली. गल्लीतल्या बायका तेव्हा हसल्या होत्या. २०११ साली एका रात्री माझ्या छातीत कळ आली, मुलगा पुण्याला. हिनेच गाडी काढली आणि पाऊस पडत असताना मला दवाखान्यात पोचवलं. त्या रात्री ती गाडी आणि ती बाई नसती, तर आज हे लिहायला मी नसतो. असो.

भंगारवाल्याने अठरा हजार सांगितले, रोख. कागदाचं विचारलं तर म्हणाला, "कागद तुमच्याकडेच ठेवा, आम्हाला काय करायचे?" इथेच मी थबकलो. गाडी तुकडे होऊन गेली तरी सरकारदरबारी ती माझ्याच नावावर राहणार. चेसिस नंबरची पट्टी कापून दुसऱ्या, चोरीच्या गाडीला लावली, तर पोलीस माझ्याच दारात येणार. मी नसेन तेव्हा मुलाच्या.

सदतीस वर्षं शाळेत काढल्यामुळे एक सवय हाडात भिनली आहे. मूल गाव सोडून गेलं तरी दाखला दिल्याशिवाय आम्ही पटावरून नाव कमी करत नसू. गाडीचंही तसंच. मोटार वाहन कायद्याप्रमाणे गाडी कायमची निकामी झाली की चौदा दिवसांत, किंवा जमेल तितक्या लवकर, आरटीओला कळवायचं असतं. आता सरकारमान्य स्क्रॅप केंद्रंही आहेत. ती गाडी घेतल्यावर तसं प्रमाणपत्र देतात, आणि त्यावर नोंदणी रद्द होते. अशा केंद्राने तेरा हजार सांगितले. म्हणजे पाच हजार कमी.

शेवटी सौ.ला सगळं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तेराच घ्या. आपल्यामागे पोराला आरटीओच्या फेऱ्या नकोत." मी म्हटलं, पुन्हा छातीत दुखलं तर? तर म्हणे, "१०८ ला फोन करीन. आता मला रात्रीचं दिसतंय कुठे?" हे ती मला पहिल्यांदाच सांगत होती.

गाडी गेल्या मंगळवारी क्रेनवर चढवून नेली. प्रमाणपत्र आलं आहे, त्याची प्रत फायलीत लावली आहे, मुलालाही पाठवली आहे. तुमच्या अंगणात अशी एखादी उभी असेल, तर किंमत विचारण्याआधी आरसी कुणाच्या नावावर आहे ते बघा. आणि ती चालवणाऱ्याला विचारायला विसरू नका.