साभार परत

हेन्री चेसब्रो यांचे २००३ सालचे ‘ओपन इनोव्हेशन’ हाती घेतले ते केवळ मुलाच्या टेबलावर पडले होते म्हणून. पुस्तक व्यवस्थापकांसाठीचे, पण झेरॉक्सच्या कहाणीपाशी मी अडखळलो. कंपनीच्या पालो आल्टो येथील प्रयोगशाळेत जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की यांनी सहकाऱ्यांसह छपाईयंत्राला पानाची मांडणी समजावणारी भाषा घडवली. झेरॉक्सला ती आपल्यापुरतीच ठेवायची होती. १९८२ मध्ये दोघे बाहेर पडले, त्यांनी ‘अडोबी’ काढली, आणि त्यांच्या पोस्टस्क्रिप्टने छपाईचे जगच बदलले. चेसब्रो त्या व्यवस्थापकांना मूर्ख ठरवत नाहीत, हे मला महत्त्वाचे वाटते. त्यांनी कल्पना नीटच मोजल्या होत्या; माप मात्र एकच होते, स्वतःच्या धंद्याचे. आपल्याला नको असलेली कल्पना कोंडू नका, दुसऱ्याला वापरू द्या, हा त्यांचा सल्ला.

वाचताना एक विद्यार्थिनी आठवली. तिला जाहिरातींच्या मराठीवर प्रबंध लिहायचा होता. ‘हे वाङ्मय नव्हे,’ म्हणून मी विषय साभार परत केला. भाषाविज्ञान विभाग वरच्याच मजल्यावर होता. तिकडे विचार, एवढेही सुचवले नाही. तिने ग्रामीण कादंबरीवर लिहिले, चांगले लिहिले. जाहिरातींच्या कात्रणांचे तिचे बाड अजून माझ्या कपाटात आहे.