वारा तुझ्या बाजूने आहे

प्रिय सुमन,

तू जानेवारीत येतेयस हे वाचलं आणि मी लगेच मुंबई-लंडनचं अंतर काढलं. हवाई मार्गाने साधारण 7,200 किलोमीटर. विमानाचा वेग ताशी 900 धरला, चढण्या-उतरण्याचा अर्धा तास वर घातला, की होतात साडेआठ तास. या हिशेबाने जायला तेवढेच आणि यायलाही तेवढेच. पण तुला अनुभव आहेच, इथून तिकडे जायला दहाच्या आसपास लागतात आणि तिकडून यायला नऊ, कधी त्याहूनही कमी.

हे काम जेट स्ट्रीमचं गं. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर तो पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, ताशी दीडशे-दोनशे किलोमीटरने सहज, आणि हिवाळ्यात त्याचा जोर सगळ्यात जास्त. इकडे येणाऱ्या विमानाला तो मागून रेटतो. जानेवारी निवडलीस, फार बरं केलंस!

मला खरं लागतं ते वाटेचं. घरातल्या पृथ्वीगोलावर मुंबई ते लंडन दोरा ताणून बघ. तो कराचीजवळून इराणवर जातो, कॉकेशसचे डोंगर आणि काळा समुद्र ओलांडतो आणि दक्षिण युक्रेनवरून युरोपात शिरतो. ते 7,200 किलोमीटर या दोऱ्याचे. पण युक्रेनचं आकाश फेब्रुवारी 2022 पासून प्रवासी विमानांना बंद झालं, आणि 2025 च्या एप्रिलात पाकिस्तानने आपली हद्द भारतीय विमानांना बंद केली. मग अरबी समुद्रावरून वळसा घ्यायचा. आपल्याला त्यातल्या त्यात समुद्र तरी जवळ, दिल्लीहून निघणाऱ्यांना याहून लांबचा फेरा. वाऱ्यापुढे कुणाचं काही चालत नाही, ते मी समजू शकते. पण माणसांनी आकाशाला कुंपण घालावं आणि लेकीबाळींचा माहेरचा रस्ता लांबावा, हे मला पटत नाही, पटणारही नाही.

तरी 1948 आठवलं की धीर येतो. एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ 8 जूनच्या रात्री मुंबईहून निघालं आणि कैरो, जिनिव्हा करत 10 जूनला लंडनला उतरलं. त्या काळी तू तिकडे असतीस तर तुझी भेट केवढी दूर वाटली असती!

आता कामाचं. रात्री नऊचं विमान असेल तर नऊ तास प्रवासाचे आणि साडेपाच तास घड्याळाचे, म्हणजे दुसऱ्या दिवशी साडेअकराच्या सुमारास तू सहारला उतरशील. इमिग्रेशन, सामान धरून एकपर्यंत बाहेर. मी न्यायला येतेय, टॅक्सी ठरवू नकोस. दुपारचं जेवण आमच्याकडेच. मासे चालतात ना अजून, तेवढं कळव.

तुझी,
माधवी